आयन-मार्गी ग्लुटामेट ग्राही

आयन-मार्गी ग्लुटामेट ग्राही : मेंदू व मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातील रज्जू) यांतील तंत्रिका कोशिकांच्या पटलावर असणारी एक प्रकारची प्रथिने. ग्लुटामिक अम्लाचा रेणू येऊन चिकटला म्हणजे या प्रथिनाच्या मध्यातून जाणारा अतिसूक्ष्म मार्ग उघडतो आणि सोडियम, पोटॅशियम व काही प्रकारांत कॅल्शियम यांचे आयन (विद्युत् भारित अणू) त्यातून ये-जा करू लागतात. ही सर्व क्रिया सेकंदाच्या सहस्रांश भागाच्या आसपास घडते. एका तंत्रिका कोशिकेने दुसरीला उत्तेजित करण्याची मेंदूतील प्रमुख वाट हीच असल्याने हालचाल, वेदना, शिकणे व स्मरण यांपैकी कोणतीही गोष्ट या ग्राहींवाचून होत नाही. साहजिकच अपस्मार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, खिन्नता इ. विकारांवर औषधे शोधणाऱ्यांचे लक्ष गेली पन्नास वर्षे त्यांच्याकडे लागलेले आहे.

या ग्राहींचा शोध बऱ्याच अंशी विषांच्या अभ्यासातून लागला. समुद्रशैवल, कवक, बागेतील वेल आणि एक कडधान्य यांतील विषारी द्रव्यांनी शास्त्रज्ञांना हा मार्ग दाखविला. त्यांपैकी कडधान्य महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. पूर्व विदर्भात लाख, लाखोळी किंवा लाखोरी या नावांनी ओळखली जाणारी डाळ ती हीच. तिच्या विषाने पांगळ्या झालेल्या माणसांचा इतिहास आणि या ग्राहींचा इतिहास एकमेकांत गुंतलेले असल्याने प्रस्तुत नोंदीत दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

लाख व लाखेचा विकार : लाखेचे शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटायव्हस असून ती शिंबावंत कुलातील वर्षायू वनस्पती आहे. फुले निळी, पांढरी किंवा गुलाबी. बी पाचरीच्या आकाराचे, कोनयुक्त व करड्या रंगाचे असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर या जिल्ह्यांच्या भातपट्ट्यात भाताचे पीक उभे असतानाच ओलीवर तिचे बी फेकण्याची पद्धत आहे. भात कापून गेल्यावर मागे राहिलेल्या ओलाव्यावर हे पीक नांगरट, खत व पाणी यांशिवाय वाढते. खानदेशात धरणगाव, एरंडोल, अमळनेर या बाजूंच्या काळ्या जमिनीत कापूस व ज्वारी यांचे प्राबल्य आहे आणि रबी कडधान्य म्हणून तेथे हरभऱ्याला मान आहे. त्यामुळे तेथील वाचकास लाख नावानेही ठाऊक नसण्याचा संभव आहे. तथापि लाखेची डाळ दिसावयास तुरीच्या डाळीसारखी व भावाने स्वस्त असल्याने तुरीच्या डाळीत आणि हरभऱ्याच्या पिठात तिची भेसळ होत आली आहे. ज्या गावात लाख कधी पेरली गेली नाही, तेथल्या ताटातही ती न कळत आलेली असू शकते.

लाखेत प्रथिनांचे प्रमाण शेकडा २५ च्या वर असते. संमिश्र आहारातील एक डाळ म्हणून ती थोड्या प्रमाणात खाल्ल्यास सहसा अपाय होत नाही. परंतु अवर्षण, गारपीट किंवा रोग यांमुळे इतर पिके बुडाली व दोन-तीन महिने वा अधिक काळ आहाराचा मोठा भाग लाखेचाच राहिला, तर काही व्यक्तींना ‘लॅथिरिझम’ हा विकार जडतो. तो बहुधा एकाएकी सुरू होतो. श्रमाचे काम करून आलेला तरुण रात्री झोपतो आणि सकाळी उठताना त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड व ताठर होतात. मांड्यांचे स्नायू आत ओढले गेल्याने चालताना पाय एकमेकांवर कात्रीसारखे येतात व टाच टेकत नाही. सौम्य विकारात रोगी काठीशिवाय चालू शकतो. विकार वाढल्यास एक काठी, मग दोन काठ्या आणि अखेर हात टेकून सरपटणे अशी अवस्था येते. हात, वाचा व बुद्धी शाबूत राहतात आणि आयुष्यही घटत नाही. पुरुषांत, त्यातही पंधरा ते तिशीच्या दरम्यानच्या कष्टकऱ्यांत, हा विकार अधिक आढळतो. घरातील कमावता माणूस असा जन्माचा अडून पडला म्हणजे त्या घराची काय स्थिती होत असेल, हे वैद्यकीय वर्णनात सहसा येत नाही.

भारतातील या विकाराचे एक प्रसिद्ध वर्णन डब्ल्यू. एच. स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात आढळते. सागर प्रदेशातील एका खेड्यात १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अवर्षणाने आणि १८३१ मध्ये तांबेऱ्याने गहू बुडाला. गव्हात आपोआप उगवणारी तेवरी म्हणजे लाख मात्र तिन्ही वर्षे जोमाने वाढली. लोकांनी तिच्यावर दिवस काढले आणि १८३३ पासून तिशीच्या आतील माणसांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले. हा प्रदेश पुढे १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. स्लीमन हे वैद्य नव्हते, मुलकी अधिकारी होते. तरीही पीक, आहार व रोग यांचा कालक्रम त्यांनी ज्या नेमकेपणाने नोंदविला आहे, तो नंतरच्या कित्येक वैद्यकीय अहवालांत आढळत नाही. त्यानंतर अलाहाबाद येथील सिव्हिल सर्जन जेम्स आयर्व्हिंग यांनी त्या जिल्ह्यातील रोग्यांची पाहणी केली. इटलीतील आर्नाल्दो कांतानी यांनी १८७३ मध्ये या विकाराला लॅथिरिझम हे नाव दिले. १९२२ मध्ये एच. डब्ल्यू. ॲक्टन यांनी रीवा संस्थानातील रोग्यांवर सविस्तर लेख लिहिला. रीवा भागात शेतमजुरांना मजुरीचा काही भाग लाखमिश्रित धान्याच्या रूपात देण्याची चाल होती. त्यामुळे तेथे हा रोग दुष्काळापुरता मर्यादित न राहता वेठबिगारीचा सोबती बनला.

याचे सर्वांत क्रूर उदाहरण यूरोपातील आहे. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील व्हापनियार्का येथील छावणीत १९४२–४३ च्या हिवाळ्यात ज्यू बंदिवानांना मुख्यत्वे लाखेच्या दाण्यांवर ठेवण्यात आले. शेकडो लोकांचे पाय गेले. बंदिवानांपैकीच एक असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखले आणि बंदिवानांनी अन्नत्याग केल्यावर हा आहार बंद झाला.

विष कोणते, याबाबत दीर्घकाळ घोटाळा होता. लाखेबरोबर वाढणाऱ्या दुसऱ्या एका तणाच्या बियांवर काहींनी दोष ठेवला. १९५० नंतर शोभेच्या स्वीट पी या जातीतून एक द्रव्य मिळाले, पण त्याने उंदरांची हाडे वाकडी होत, पाय लुळे पडत नसत. अखेर १९६४ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील एस. एल. एन. राव, पी. आर. आडिगा व पी. एस. शर्मा यांनी लाखेच्या बियांतून एक ॲमिनो अम्ल शुद्ध रूपात वेगळे केले. बीटा-एन-ऑक्झॅलिल-अल्फा, बीटा-डायअमिनोप्रोपिऑनिक अम्ल असे त्याचे लांबलचक नाव असून संक्षेपाने त्याला ‘ओडॅप’ म्हणतात. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात व्ही. व्ही. एस. मूर्ती, टी. आर. शेषाद्री व टी. ए. वेंकिटसुब्रमणियन यांनीही स्वतंत्रपणे तेच द्रव्य मिळविले. कोंबडीच्या कोवळ्या पिलांना ते टोचले असता आचके येत. या द्रव्याच्या रेणूची ठेवण ग्लुटामिक अम्लाशी मिळतीजुळती होती. त्या वेळी हे साम्य केवळ रासायनिक कुतूहलाचे वाटले असेल. पण सगळा उलगडा त्यातच होता.

ग्लुटामिक अम्ल, अन्न ते संदेशवाहक : जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रिट्‌हाउझेन यांनी १८६६ मध्ये गव्हाच्या चिकापासून, म्हणजे ग्लुटेनापासून, हे अम्ल मिळविले, नावही त्यावरूनच आले. १९०८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्रशैवलाच्या कढणाची विशिष्ट चव ग्लुटामेटामुळे येते, हे दाखविले आणि त्यातून ‘अजिनोमोटो’ या नावाने घरोघरी माहीत झालेल्या पुडीचा उद्योग उभा राहिला. ज्वारी, डाळ, दूध, मांस अशा प्रथिनयुक्त प्रत्येक अन्नात असणारे हे अम्ल मेंदूतही विपुल असते. इतक्या सर्वसामान्य पदार्थाकडे संदेश वाहून नेण्याचे नाजूक काम असेल, यावर प्रारंभी कोणी विश्वास ठेवला नाही, हे नवल नाही.

जपानमधील ताकाशी हायाशी यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत कुत्र्याच्या मेंदूच्या बाह्यकात सोडियम ग्लुटामेट टोचून आचके आणून दाखविले. १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबरा येथे डी. आर. कर्टिस, जे. डब्ल्यू. फिलिस व जे. सी. वॉटकिन्स यांनी मांजराच्या मेरुरज्जूतील एकेका कोशिकेजवळ बारीक काचनळीतून ग्लुटामेट सोडले. कोशिका लगेच उत्तेजित झाली. मात्र जी कोशिका घ्यावी ती उत्तेजित होई. खरा संदेशवाहक निवडक असावयास हवा, अशी त्या काळची समजूत असल्याने ग्लुटामेट संदेशवाहक नसावे, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढला. निरीक्षण अचूक आणि अनुमान चुकीचे, असा प्रकार विज्ञानात अनेकदा घडतो. येथे चूक दुरुस्त करण्याचे कामही मुख्यतः वॉटकिन्स यांनीच पुढील पंचवीस वर्षांत केले.

कॅनबरातील या गटाने ग्लुटामेटासारखी अनेक द्रव्ये बनवून व मागवून तपासली. त्यांत १९६६ मध्ये लाखेच्या ओडॅपची पाळी आली. वॉटकिन्स, कर्टिस व टी. जे. बिस्को यांना ते मेरुरज्जूच्या कोशिकांना जोरदार उत्तेजित करणारे आढळले. सागर व रीवा येथील शेतकऱ्यांचे पाय ज्या द्रव्याने नेले, त्याचा कार्यभाग अशा रीतीने प्रथमच एका कोशिकेच्या पातळीवर दिसला. वॉटकिन्स यांनी त्याच काळात एन-मिथिल-डी-ॲस्पार्टिक अम्ल हे कृत्रिम द्रव्य तयार केले होते. त्याच्या आद्याक्षरांवरून ‘एनएमडीए’ हे नाव पुढे एका संपूर्ण ग्राहीवर्गास मिळाले.

विषांवरून नामकरण : ग्लुटामेट ग्राहींच्या वर्गांना शास्त्रज्ञांची अथवा अवयवांची नावे नसून त्यांना निवडकपणे चेतविणाऱ्या द्रव्यांची नावे आहेत. जपानमध्ये डायजेनिया सिम्प्लेक्स या तांबड्या समुद्रशैवलाचा काढा पोटातील जंतांवर पिढ्यान्‌पिढ्या देत असत. त्यातील कार्यकारी द्रव्य कैनिक अम्ल १९५३ च्या सुमारास वेगळे झाले आणि हे जंतनाशक मेंदूच्या कोशिकांनाही तीव्रतेने उत्तेजित करते, हे एच. शिनोझाकी व एस. कोनिशी यांनी १९७० मध्ये दाखविले. कैनेट ग्राही हे नाव त्यावरून आले. आपल्याकडे मांडवावर चढविली जाणारी मधुमालती (रंगूनचा वेल, शास्त्रीय नाव क्विस्क्वॅलिस इंडिका) हिच्या बियाही आग्नेय आशियात जंतांवर वापरीत. त्यांतील क्विस्क्वॅलिक अम्लावरून तिसऱ्या वर्गास आधी क्विस्क्वॅलेट ग्राही म्हणत. परंतु हे अम्ल पुरेसे निवडक नसल्याने डेन्मार्कमध्ये पी. क्रोग्सगार्ड-लार्सेन व त्यांचे सहकारी यांनी ॲमानिटा या विषारी कवकातील आयबोटेनिक अम्लावरून बेतलेले नवे द्रव्य वापरात आले आणि त्याच्या संक्षिप्त नावावरून ‘ॲम्पा’ ग्राही ही संज्ञा रूढ झाली. डेल्टा हा चौथा वर्ग जनुकांच्या साम्यावरून पुढे ओळखण्यात आला. सस्तन प्राण्यांत या चार वर्गांची मिळून १८ जनुके आहेत : ॲम्पा ४, कैनेट ५, एनएमडीए ७ व डेल्टा २.

ॲम्पा ग्राही झटपट उघडतो व मिटतो. रोजचा संदेशव्यवहार मुख्यतः त्याच्यावर चालतो. एनएमडीए ग्राहीची रीत निराळी आहे. कोशिका शांत असताना त्याच्या मार्गात मॅग्नेशियमाचा आयन बुचासारखा बसलेला असतो आणि ग्लुटामेट चिकटले तरी मार्ग खुला होत नाही. ॲम्पा ग्राहींमुळे कोशिका आधीच उत्तेजित झालेली असेल, तरच बूच सुटते व कॅल्शियम आत शिरते. हा शोध १९८४ मध्ये पॅरिस येथे एल. नोवाक, पी. ॲस्चर व सहकारी यांनी आणि अमेरिकेत एम. एल. मेयर, जी. एल. वेस्टब्रुक व पी. बी. गथ्री यांनी जवळजवळ एकाच वेळी लावला. दोन गोष्टी एकत्र घडल्याची खूण पटविणारा हा रेणू म्हणजे स्मरणाचे एक मूलभूत यंत्र होय. एनएमडीए ग्राही विशिष्ट द्रव्याने अडविल्यास उंदराच्या मेंदूत स्मरणाशी निगडित असलेला विद्युतीय बदल घडून येत नाही, हे जी. एल. कॉलिंग्रिज व सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच दाखविले होते.

अतिउत्तेजनाने होणारा नाश : लहान उंदरांना ग्लुटामेट टोचल्यास त्यांच्या डोळ्यांतील जालपटल नष्ट होते, असे १९५७ मध्ये डी. आर. ल्यूकस व जे. पी. न्यूहाउस या नेत्रवैद्यांना आढळले होते. अमेरिकेतील जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये मेंदूतील कोशिकाही तशाच मरतात, असे दाखविले आणि जे द्रव्य कोशिकेस उत्तेजित करते तेच मर्यादेबाहेर गेल्यास तिला मारते, असा सिद्धांत मांडला. कॅल्शियमाचा लोंढा आत शिरला म्हणजे कोशिकेतील एंझाइमे तिचेच घटक पचवू लागतात. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटताच मेंदूतील कोशिकांतून ग्लुटामेट मोठ्या प्रमाणात बाहेर पडते आणि आसपासचा निरोगी भागही या अतिउत्तेजनाने दगावतो, हे पुढे स्पष्ट झाले. मनुष्यात याचा प्रत्यय १९८७ मध्ये कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपल्यांनी दिला. शैवलातून आलेले डोमोइक अम्ल त्यांत साठले होते. शंभरावर लोक आजारी पडले, काही दगावले आणि वाचलेल्यांपैकी काहींची नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. डोमोइक अम्ल कैनिक अम्लाचे जवळचे भावंड होय.

लाखेचे ओडॅप मुख्यतः ॲम्पा वर्गाच्या ग्राहींवर कार्य करते, हे १९८० नंतरच्या दशकात निश्चित झाले. पी. एस. स्पेन्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये माकडांना लाख व ओडॅप खाऊ घालून पायांतील दोष अंशतः उत्पन्न केला. ओडॅप मेंदूच्या बाह्यकापासून मेरुरज्जूच्या खालच्या टोकापर्यंत जाणाऱ्या लांब तंतूंनाच का भोवते आणि एकाच घरात एकच ताट खाणाऱ्यांपैकी एक जण पांगळा व दुसरा धडधाकट का राहतो, याचा पूर्ण खुलासा अद्याप झालेला नाही. आहारात गंधकयुक्त ॲमिनो अम्लांची कमतरता, उपासमार व अतिश्रम यांचा त्यात वाटा असावा, असे दिसते. ही ॲमिनो अम्ले लाखेत कमी व तृणधान्यांत त्यामानाने बरी असल्याने ज्याच्या ताटात भाकरी पुरेशी असते त्याला लाख कमी बाधते. विषाची मात्रा आणि दारिद्र्याची मात्रा येथे एकत्रच मोजावी लागते.

औषधांचा शोध : ग्राही ओळखले गेल्यावर त्यांना अडविणारी औषधे शोधणे ओघानेच आले. खरे तर असे एक औषध आधीच वापरात होते. केटामीन हे १९६२ मध्ये अमेरिकेत कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी प्रथम बनविले व १९७० मध्ये तेथे शुद्धिहारक म्हणून मान्य झाले. ते एनएमडीए ग्राहींना अडवून कार्य करते, हे मात्र १९८३ मध्ये एन. ए. अनिस, डी. लॉज व सहकाऱ्यांच्या प्रयोगांनंतर कळले. केटामीनाने श्वसन व रक्तदाब सहसा खाली जात नाहीत. त्यामुळे यंत्रसामग्री व भूलतज्ज्ञ यांची वाण असलेल्या लहान रुग्णालयांत त्याची मदत फार मोलाची ठरली आहे. शुद्धीवर येताना काही रोग्यांना भास होतात, हा त्याचा दोष; नशेसाठी त्याचा गैरवापर होतो तोही यामुळेच.

पक्षाघातात ग्लुटामेटाच्या पुरास बांध घालता आला तर मेंदू वाचेल, ही कल्पना १९८० नंतर विलक्षण आकर्षक ठरली. उंदरांवर ती यशस्वीही झाली. सेल्फोटेल, ॲप्टिगॅनेल, गॅव्हेस्टिनेल अशा अनेक द्रव्यांच्या मोठ्या रुग्णचाचण्या झाल्या आणि २००१ पर्यंत एकामागून एक विफल ठरल्या. काहींनी भ्रम व रक्तदाबातील बिघाड उत्पन्न केले. काहींनी अपायही केला नाही आणि उपायही. प्रयोगशाळेत उंदराला रक्तवाहिनी बांधल्यावर मिनिटांत औषध देता येते. रोगी मात्र बैलगाडीने, मोटारीने वा रुग्णवाहिकेने काही तासांनी पोहोचतो आणि तोवर ग्लुटामेटाने आपले काम केलेले असते. याहून मूलगामी अडचण म्हणजे हा ग्राही मेंदूत सर्वत्र आहे व सर्व काळ कामात आहे. त्याला घट्ट बंद करणे म्हणजे मेंदूचे नित्य काम थांबविणे. एमके-८०१ हे अत्यंत प्रभावी रोधक औषध म्हणून मागे पडले, त्याला हेच कारण. त्याने उंदरांच्या मेंदूतील काही कोशिकांत पोकळ्या पडतात, हे अतिउत्तेजनाचा सिद्धांत मांडणाऱ्या ओल्नी यांनीच १९८९ मध्ये दाखविले.

जे औषध टिकले ते दुबळे म्हणता येईल असे आहे. मेमँटीन १९६० नंतरच्या दशकात मधुमेहासाठी बनविले गेले व त्या कामी निरुपयोगी ठरले. एनएमडीए मार्गात ते शिरते, पण सैलपणे बसते व लगेच निघून जाते. मार्ग अवाजवी काळ उघडा राहिला तरच त्याचा अडथळा जाणवतो. नेहमीच्या क्षणिक संदेशाला ते जवळजवळ वाट देते. मध्यम व तीव्र स्वरूपाच्या अल्झायमर विकारात ते यूरोपात २००२ मध्ये व अमेरिकेत २००३ मध्ये मान्य झाले. त्याने रोग थांबत नाही. लक्षणांत थोडा आराम पडतो, एवढेच. अपस्माराच्या बाबतीत ॲम्पा ग्राही अडविणारे पेरँपॅनेल २०१२ मध्ये यूरोप व अमेरिकेत मान्य झाले. ग्लुटामेटाच्या जागेवर हक्क न सांगता ते ग्राहीच्या दुसऱ्याच भागाला धरते. चिडखोरपणा व आक्रमक वर्तन यांचा धोका असल्याने ते जपून द्यावे लागते. केटामीनाचे दुसरे आयुष्य सर्वांत अनपेक्षित होय. अल्प मात्रेत ते तीव्र खिन्नतेवर काही तासांत परिणाम करते, असे २००० व २००६ मधील चाचण्यांत आढळले आणि त्याचेच एक रूप असलेले एस्केटामीन २०१९ मध्ये अमेरिकेत नाकात फवारावयाचे औषध म्हणून मान्य झाले. त्यापूर्वीची खिन्नतेवरील औषधे परिणामास आठवडे घेत. हा शीघ्र गुण नेमका कशामुळे येतो, याविषयी मतभेद आहेत.

ग्राहीची घडण : चांगले औषध घडवावयाचे तर ज्या कुलपाला किल्ली लावावयाची त्याची रचना माहीत असावी लागते. या ग्राहींचे पहिले जनुक १९८९ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेत एम. होलमन, एस. हाइनेमन व सहकाऱ्यांनी मिळविले. ग्लुटामेट जेथे चिकटते त्या भागाची स्फटिकरचना एरिक गूओ यांच्या गटाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. ग्लुटामेट आत येताच शिंपल्याची दोन पाळी मिटावीत तसा हा भाग मिटतो आणि त्या ओढीने खालचा मार्ग उघडतो, असे तीवरून कळले. संपूर्ण ॲम्पा ग्राहीची रचना त्याच गटाने २००९ मध्ये व एनएमडीए ग्राहीची त्याच गटाने आणि अन्य एका गटाने २०१४ मध्ये उलगडली. इंग्रजी वाय अक्षरासारख्या दिसणाऱ्या या प्रथिनात चार घटक असून बाह्य भागात त्यांच्या जोड्या वर एका प्रकारे व खाली दुसऱ्या प्रकारे जुळतात. म्हणजे घटक मधेच जोडीदार बदलतात.

या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात जनेश कुमार यांच्या गटाने कैनेट व डेल्टा ग्राहींचा अभ्यास केला. कुमार यांनी त्यापूर्वी मॅग्नेशियमाच्या बुचासंबंधीच्या शोधातील एम. एल. मेयर यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत काम केले होते. अनंत बुराडा, राजेश विन्नाकोटा व जनेश कुमार यांनी २०२० मध्ये डेल्टा वर्गातील पहिल्या ग्राहीची रचना प्रसिद्ध केली. ती नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळविलेल्या प्रतिमांवरून सिद्ध केलेली होती. इतर वर्गांत आढळणारी जोडीदारांची अदलाबदल या ग्राहीत नाही, असे तीत दिसून आले. डेल्टा ग्राही कुळाने ग्लुटामेट ग्राही असूनही ग्लुटामेटाने उघडत नाहीत. अनुबंधने (कोशिकांमधील सांधे) घडविणे व टिकविणे हे त्यांचे काम आहे. कुळातील एक शाखा एवढी निराळी असणे, हे औषध शोधणाऱ्यांस उपयोगी आहे. एका वर्गास धरणारे व इतरांस न धरणारे द्रव्य हवे, तर त्यांच्यातील असा भेद हाच आधार असतो.

लाखेवरील बंदी व त्यानंतर : लाखेच्या विक्रीवर केंद्र शासनाने १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली बंदी घातली. अंमल राज्यांवर सोपविला असल्याने काही राज्यांनी ती लागू केली, काहींनी केली नाही. महाराष्ट्रात विक्री निषिद्ध झाली. पीक मात्र चालूच राहिले. पूर्व विदर्भातील कास्तकार लाख पेरी, घरी खाई, गुरांना घाली आणि उरलेली चोरट्या बाजारात पडत्या भावाने विकी. बंदीने रोग किती टळला हे सांगणे कठीण आहे. कारण त्याच काळात गहू-तांदळाचा पुरवठा व स्वस्त धान्याची दुकाने वाढली, वेठबिगारी कमी झाली आणि केवळ लाखेवर दिवस काढण्याची पाळी येणे थांबत गेले. नागपूरच्या ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’चे शांतिलाल कोठारी यांनी बंदी अन्याय्य असल्याचे प्रतिपादन करून ती उठविण्यासाठी दीर्घकाळ चळवळ चालविली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोंदिया जिल्ह्यातील लाख खाणाऱ्या कुटुंबांची पाहणी करून २०१४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. संमिश्र आहारात थोड्या प्रमाणात घेतलेली लाख सुरक्षित दिसते, असा त्यांचा रोख होता. एक बाजू विषाचे अस्तित्व पाहते व दुसरी त्याची मात्रा. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण लाख सुरक्षित आहे हे विधान चांगल्या वर्षी खरे असते आणि दुष्काळात खोटे ठरते, ही गोष्ट वादात अनेकदा नजरेआड होते.

दरम्यान वनस्पति-प्रजननाच्या मार्गाने ओडॅप कमी असलेले वाण तयार करण्यात आले. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत ऊतकसंवर्धनाने निर्माण झालेला रतन, तसेच प्रतीक आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषि विद्यापीठाचा महातेवडा हे त्यांतील प्रमुख होत. त्यांत ओडॅपचे प्रमाण शेकडा ०·१ हून कमी असते. जानेवारी २०१६ मध्ये या तीन वाणांस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनुकूलता दर्शविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मात्र अवर्षण व जमीन यांनुसार ओडॅपचे प्रमाण वाढते, आणि शेजारच्या शेतातील जुन्या वाणाशी संकर होऊन चांगले बी बिघडू शकते; म्हणून बियाणे वेळोवेळी बदलावे लागते. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देणे व मग नव्या पाण्यात शिजविणे, या जुन्या घरगुती रीतीने विषाचा मोठा भाग निघून जातो. पाणी टाकून देण्याऐवजी आटविले तर हा लाभ होत नाही. शिवाय पाणी व सरपण यांचीच टंचाई असते त्या वर्षी ही रीत पाळणे अवघड जाते.

ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी मात्र औषध निघालेले नाही. ग्लुटामेट ग्राही अडविणारी द्रव्ये विष भिनत असताना दिली तर प्राण्यांत कोशिकांचा बचाव होतो. परंतु रोगी पाय ताठल्यावर दवाखान्यात येतो आणि तोवर तंतू मेलेले असतात. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी टॉलपेरिसोनासारखी औषधे इथिओपियातील रोग्यांवर १९९० नंतरच्या दशकात वापरून पाहण्यात आली व त्यांनी काहींच्या चालण्यात सुधारणा झाली. याखेरीज व्यायाम, टाचेच्या आखडलेल्या स्नायुबंधावरील शस्त्रक्रिया आणि काठी, एवढेच उपचार उपलब्ध आहेत.